भिंगामागचा पडदा: तंजावर ते मालवण

१/ मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, हे आपण जाणतो. त्याच भोसले घराण्याच्या दक्षिणेतील शाखेने नेत्रवैद्यकाचा एक दुर्मीळ ठेवा मागे ठेवला आहे. आजचा धागा त्या ठेव्यापासून सुरू होतो आणि मधुमेही रुग्णाच्या मोतीबिंदूपाशी येऊन थांबतो.

२/ शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावरला मराठी राज्य स्थापिले. त्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात दुसरे सरफोजीराजे होते. त्यांच्या धन्वंतरी महालात रुग्णांवर उपचार होत. नेत्ररुग्णांच्या व्याधी आणि त्यांवरील उपचार यांच्या नोंदी ठेवल्या जात; चित्रकारांकडून रोगट डोळ्यांची चित्रेही काढून घेतली जात. हे कागद आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

३/ मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. सुश्रुतसंहितेपासून चालत आलेल्या शस्त्रकर्मात शलाकेने हे भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूस सारीत. फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल याने १७४७ मध्ये ते छेद घेऊन बाहेर काढण्याची पद्धत रुजविली. दोन्हींत लक्ष एकाच गोष्टीवर होते: भिंग.

४/ तंजावरच्या चित्रांत डोळा बाहेरून जसा दिसतो तसाच आहे. यात चित्रकाराची उणीव नव्हती. जिवंत डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे साधनच तेव्हा जगात नव्हते. हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक यंत्र सिद्ध केले ते १८५१ मध्ये, सरफोजीराजांच्या निधनानंतर १९ वर्षांनी.

५/ मग पडद्याचे रोग उलगडू लागले. १८५५ च्या सुमारास व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर याने मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरील पिवळसर ठिपके आणि रक्तस्राव यांचे वर्णन केले. मधुमेहामुळे हे घडते का, यावर वाद झाला आणि तो बरीच वर्षे चालला.

६/ पुढे दुसरा धागा येऊन मिळाला. १९५३ मध्ये अमेरिकेतील अर्विन यांनी मोतीबिंदू काढल्यानंतर पडद्याच्या मध्यबिंदूत होणाऱ्या बदलांकडे लक्ष वेधले. १९६६ मध्ये गॅस आणि नॉर्टन यांनी रंगद्रव्य टोचून घेतलेल्या छायाचित्रांतून तेथे पाझरणारा द्रव दाखविला. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी दृष्टी मंदावू शकते, ती या सुजेमुळे.

७/ मधुमेह्याच्या डोळ्यात ही दोन्ही कारणे एकत्र येतात. साखरेने पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच झिरपू लागलेल्या असतात. शस्त्रक्रियेमुळे दाहकारक द्रव्ये सुटतात आणि झिरपणे वाढते. भिंग नवे, स्वच्छ. पण ज्यावर चित्र उमटायचे तो पडदाच ओला. ही सूज बहुधा काही आठवड्यांनी ध्यानात येते, तोवर घरचे निश्चिंत झालेले असतात.

८/ उपायांचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. १९८५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले की लेझरमुळे या सुजेतून होणाऱ्या दृष्टिहानीचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. १९९१ मध्ये ओसीटी तपासणी आली आणि पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली. २००५ नंतर रक्तवाहिन्यांची गळती रोखणारी इंजेक्शने डोळ्यात दिली जाऊ लागली.

९/ २०१८ मध्ये एका युरोपीय अभ्यासात, आधी सूज नसलेल्या मधुमेही रुग्णांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवेळी औषधे देऊन पाहिली. नेत्रश्लेष्मलेखाली दिलेल्या स्टेरॉइडने पडद्याची जाडी वाढणे कमी झाले. बेव्हॅसिझुमॅबच्या इंजेक्शनाने तसा लाभ दिसला नाही. मात्र स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो, म्हणून त्यावर पाळत ठेवावी लागते.

१०/ यातून आजचा क्रम ठरला आहे. आधी बाहुली विस्फारून पडदा तपासणे आणि ओसीटी. सूज असल्यास शक्यतो प्रथम तिच्यावर उपचार. शस्त्रक्रियेनंतर दाहशामक थेंब आणि ठरल्या दिवशी फेरतपासणी. मोतीबिंदू फार दाट असेल तर आतले काही दिसत नाही. अशा वेळी भिंग काढल्यावर पडदा लगेच पाहणे अगत्याचे.

११/ मालवणात एखाद्या मधुमेही आजोबांचे ऑपरेशन ठरले, तर नातवंडांनी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: "पडदा तपासला का?" सरफोजीराजांच्या वैद्यांना हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे.

धागा समाप्त.