घरपट्टी थकल्याने घराचा लिलाव झाला, तर वरचे पैसे कोणाचे? अमेरिकेतला नियम समजून घ्या

जेराल्डिन टायलर यांनी 1999 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. 2010 मध्ये त्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला गेल्या आणि फ्लॅटचा मालमत्ता कर थकत गेला. 2015 पर्यंत मूळ कर सुमारे 2,300 डॉलर आणि त्यावरचं व्याज, दंड व खर्च सुमारे 13,000 डॉलर झाला. हेनेपिन काउंटीने फ्लॅट ताब्यात घेतला आणि 40,000 डॉलरला विकला. (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं प्रशासन.)

येणं होतं 15,000 डॉलर. वरचे 25,000 डॉलरही काउंटीने स्वतःकडेच ठेवले. मिनेसोटा राज्याच्या तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं.

सुप्रीम कोर्टाने काय सांगितलं?

टायलर कोर्टात गेल्या. 25 मे 2023 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा त्या 94 वर्षांच्या होत्या.

खासगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घेतली तर योग्य मोबदला द्यावा लागतो, असं अमेरिकेच्या राज्यघटनेतली पाचवी दुरुस्ती सांगते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात थेट 1215 सालच्या मॅग्ना कार्टापर्यंतचा दाखला दिला. राजाचं देणं फिटेल एवढंच घ्यायचं, बाकीचं सोडायचं, हे तत्त्व तेव्हापासूनचं आहे. कर वसूल करण्यासाठी घर विकता येतं, पण कराच्या नावाखाली त्याहून जास्त रक्कम खिशात घालता येत नाही, हा या निकालाचा सारांश.

त्या वेळी 36 राज्यांत वरचे पैसे मालकाला परत करण्याची तरतूद होती. निकालानंतर मिनेसोटासह इतर राज्यांनाही कायदे बदलावे लागले. जुन्या प्रकरणांतल्या घरमालकांसाठी मिनेसोटाने 2024 मध्ये 10.9 कोटी डॉलरची तडजोड मंजूर केली.

मग पैसे आपोआप खात्यात येतात का?

नाही. बहुतेक ठिकाणी ते मागावे लागतात आणि तेही मुदतीत.

याचं जुनं उदाहरण न्यूयॉर्क शहराचं आहे. पाणीपट्टी थकल्यामुळे शहराने मालकांच्या मालमत्ता घेतल्या. त्यातल्या एका मालमत्तेवर थकबाकी होती फक्त 65 डॉलर. नोटिसा आल्या होत्या, पण मालकांच्या हिशेबनीसाने त्या दडवून ठेवल्या. वरची रक्कम मागण्याची सोय कायद्यात होती, पण मुदत टळून गेली. 1956 मध्ये सुप्रीम कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. 2023 च्या निकालानेही तो रद्द केला नाही. टायलर यांच्या वेळी मिनेसोटात पैसे मागण्याची सोयच नव्हती, एवढाच दोन्हींतला फरक कोर्टाने दाखवला.

म्हणजे हक्क आहे, पण झोपून राहिलात तर तो जातो.

लिलावाच्या पैशांची वाटणी कशी होते?

आधी थकलेला कर, व्याज, दंड आणि लिलावाचा खर्च वळता होतो. उरलेल्या रकमेवर साधारणपणे पहिला हक्क घरावर बोजा असलेल्यांचा, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा किंवा इतर नोंदणीकृत देणेकऱ्यांचा. त्यानंतर मालकाचा.

समजा, घर 1,20,000 डॉलरला गेलं. कर आणि खर्च मिळून 18,000 डॉलर, गृहकर्जाची बाकी 60,000 डॉलर. तर मालकाच्या वाट्याला 42,000 डॉलर येतात. बोली कमी लागली तर कदाचित काहीच उरत नाही.

मुदत किती असते?

प्रत्येक राज्यात वेगळी.

• कॅलिफोर्निया: खरेदीदाराच्या नावे खरेदीखताची नोंद झाल्यापासून एक वर्ष.

• टेक्सस: वरची रक्कम कोर्टाच्या क्लार्ककडे जमा होते. विक्रीपासून दोन वर्षांत कोर्टात अर्ज करावा लागतो.

• मिशिगन: इथे खरी गोम आहे. 31 मार्चला मालकी जाते आणि वरची रक्कम मागण्याचा इरादा त्याच वर्षी 1 जुलैपर्यंत ठरलेल्या फॉर्मवर कळवावा लागतो. म्हणजे लिलाव व्हायच्या आधीच. घर कितीला जातं ते बघून मग ठरवू, असं म्हणणाऱ्याची संधी हुकते.

• न्यू जर्सी: इथे थकबाकी वसूल करण्याचा हक्क गुंतवणूकदाराला विकला जातो आणि तो पुढे घरावर जप्तीची कारवाई करू शकतो. 2024 मध्ये कायदा बदलला. आता घरमालक लिलावाची मागणी करू शकतो. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती या राज्यात असल्यामुळे हा बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दावा कसा करायचा?

1. लिलाव झालेल्या काउंटीच्या खजिनदाराच्या किंवा कर विभागाच्या अधिकृत वेबसाइटवर जा. मालमत्तेचा पार्सल क्रमांक टाकून विक्रीची किंमत आणि शिल्लक रक्कम तपासा. रक्कम कोर्टात जमा असेल तर तिथल्या क्लार्ककडे चौकशी करा.

2. दाव्याचा फॉर्म आणि शेवटची तारीख लेखी मागवून घ्या.

3. ओळखपत्र आणि मालकीचे कागद जोडा. बऱ्याच ठिकाणी फॉर्मवर नोटरीसमोर सही करावी लागते.

4. मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा कायदेशीर पुरावा लागतो. वारस महाराष्ट्रात असेल तर मुंबईतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात नोटरीची सेवा मिळते.

5. पत्ता बदलला असेल तर काउंटीला कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि मुदत तिथेच संपते.

‘पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचं काय?

लिलावाच्या नोंदी सार्वजनिक असतात. त्या बघून काही जण मालकाला फोन करतात, मोठा वाटा मागतात किंवा संपूर्ण हक्कच लिहून घेतात. अनेकदा मालकाला आपले पैसे शिल्लक आहेत हेच ठाऊक नसतं, म्हणून तो पटकन सही करतो.

यावर काही राज्यांनी अंकुश ठेवला आहे. टेक्ससमध्ये अशा कामाची फी मिळालेल्या रकमेच्या 25 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कॅलिफोर्नियात हक्क लिहून घेण्यापूर्वी शिल्लक किती आहे आणि मालक स्वतः विनाखर्च दावा करू शकतो, हे त्याला सांगावं लागतं.

वारसांमध्ये वाद असेल किंवा बोजे अनेक असतील तर वकील जरूर करावा. साध्या प्रकरणात मात्र सही करण्याआधी काउंटीला एक फोन करावा. फोन करणारा जे विकत असतो, ते बहुतेकदा तिथे फुकट मिळतं.