चेहरे उरले, नावं गेली

आज खिशातल्या फोनवर दिवसाला दहा फोटो निघतात. पण आपला चेहरा मागे राहावा म्हणून माणसांना कुणाच्या तरी येण्याची वाट पाहावी लागे, असाही एक काळ होता. फ्रान्समध्ये १८३९ साली छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, त्याआधीच्या अमेरिकेची ही गोष्ट.

तिथल्या ईशान्येकडच्या गावांत फिरते चित्रकार येत. घरातल्या माणसांची चित्रं काढत आणि पुढच्या गावाला निघत. बरेचसे आपले आपणच शिकलेले. विल्यम मॅथ्यू प्रायर याने १८३१ साली जाहिरात दिली होती, की छाया न दाखवता काढलेलं सपाट चित्र चालणार असेल, तर ते पाव किमतीत मिळेल. तसबीर ही केवळ बड्या लोकांची मिरास राहिली नाही, ती अशी.

गझलेच्या मक्त्यात शायर आपलं नाव गुंफतो. या चित्रकारांतले अनेक जण चित्रावर सहीसुद्धा करत नसत. १७८८ साली जन्मलेला अमी फिलिप्स सुमारे पन्नास वर्षं न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांच्या सीमाभागात चित्रं काढत राहिला. लाल झग्यातल्या मुलीचं त्याचं चित्र आज जगभर ओळखलं जातं. पण काळाप्रमाणे त्याची शैली इतकी बदलली, की पुढे अभ्यासकांना ती दोन वेगळ्या अनामिक चित्रकारांची कामं वाटली. तो एकच माणूस होता, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होल्ड्रिज दांपत्याने दाखवून दिलं.

मला मात्र जास्त आठवतो तो बाल्टिमोर शहरातला जोशुआ जॉन्सन. आई गुलाम, बाप गोरा. १७८२ साली तो गुलामीतून मुक्त झाला आणि पुढे सधन कुटुंबांची चित्रं काढू लागला. १७९८ सालच्या जाहिरातीत त्याने, आपण स्वतःच शिकलो आणि वाटेत मोठे अडथळे सोसले, असं सांगितलं. अडथळे कोणते, ते लिहिलं नाही. ऐंशीच्या वर चित्रं त्याची मानली जातात, त्यांपैकी सही आहे ती एकाच चित्रावर. १९३९ साली एका संशोधकाने त्याची ओळख पुन्हा जगापुढे आणली.

ज्यांच्या भिंतींवर ती चित्रं होती, त्या घरांनी आपल्या पूर्वजांची नावं जपली. ते चेहरे ज्याने जपले, त्याचं नाव शोधायला शंभराहून अधिक वर्षं लागली.