तिजोरीचं दार आणि किल्लीचा धनी



हल्ली नवं घर बांधताना बरेच जण दागिने-कागदपत्रांसाठी एक छोटी स्ट्राँगरूम काढून घेतात. आमच्या नात्यातही एक बंगला उभा राहतोय आणि त्या खोलीला दार कसलं बसवायचं यावर चर्चा चालू आहे. पत्र्याची जाडी, कुलूप, किंमत सगळं बोलून झालं. त्या निमित्ताने मी या दाराचा इतिहास वाचत गेले. तो पोलादाचा आहेच, पण त्याहून जास्त किल्ली सांभाळणाऱ्या माणसाचा आहे.

आधी आपल्या वाड्यांकडे पाहू. सागवानी दार, त्यावर लोखंडी पट्ट्या, कडी-कोयंडा आणि आतून अडसर. अडसर म्हणजे भिंतीतल्या खोबणीतून सरकणारा जाड लाकडी वासा. बाहेरून धक्के बसले की सगळा जोर भिंतीवर जायचा, बिजागऱ्यांवर नाही. आजच्या स्ट्राँगरूमच्या दारातून चौकटीत शिरणारे पोलादी दांडे याच अडसराचे नातू. दांडे बिजागरीच्या बाजूलाही असले तर बिजागऱ्या कापूनही दार निघत नाही. अडसराची अडचण एकच, तो लावायला आत माणूस हवा.

दार भक्कम असलं की चोर भिंतीकडे वळतो. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक आठवतो ना? चारुदत्ताच्या घरात तो भिंतीला भगदाड पाडून शिरतो, आणि माप घ्यायची दोरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो. म्हणून एकेरी विटांच्या भिंतीत महागडं दार बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. भिंत, छत आणि जमीन सळईच्या काँक्रीटची हवी आणि दाराची चौकट त्या सळईला जखडून, काँक्रीट ओततानाच बसवलेली हवी.

आता कुलूप. १७९० पासून लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेलं होतं. उघडून दाखवाल तर दोनशे गिनी बक्षीस! साठ वर्षं कुणाला जमलं नाही. पुढे १८१८ मध्ये चब यांचं कुलूप आलं. चुकीची किल्ली किंवा तार घातली की ते अडकून बसायचं, म्हणजे मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावलाय. मग १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला. त्याने चब यांचं कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपाला त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले, पण तेही उघडलं. अभेद्य कुलूप असतं ही समजूत तिथे संपली. कुलूप चोराचा वेळ खातं, इतकंच. तेवढ्या वेळात कुणी येणार असेल तरच त्याचा उपयोग.

पुढे चोर किल्लीच्या भोकातून दारू ठासून दार उडवू लागले. त्यावर तोडगा म्हणून भोकच नसलेलं, आकड्यांचं कुलूप पुढे आलं. नायट्रोग्लिसरीनसारखा पातळ स्फोटक पदार्थ दाराच्या फटीतून ओतायला लागल्यावर दारं इतकी घासून बसवू लागले की फट उरू नये.

आणि इथेच गोष्ट वाईट वळण घेते. दार फुटेना, कुलूप उघडेना. मग चोरांनी आकडे ज्याच्या डोक्यात आहेत तो माणूसच धरला. जानेवारी १८७६ मध्ये अमेरिकेत नॉर्दम्प्टन गावी चोर रात्री बँकेच्या रोखपालाच्या घरात शिरले, घरच्यांना बांधून घातलं आणि त्याचे हाल करून आकडे काढून घेतले. दहा लाखांहून जास्त डॉलरचा ऐवज गेला. दार अगदी शाबूत होतं! यावर उपाय होता जेम्स सार्जंटचं १८७३ मधलं वेळेचं कुलूप. आतल्या घड्याळात ठरवलेली वेळ होईपर्यंत ते मालकालाही उघडता येत नाही. अशा चोऱ्यांनंतर बँकांनी ते भराभर बसवून घेतलं. मला त्यातली दया दिसते. जे आपल्याला उघडताच येत नाही, त्यासाठी आपल्याला मारून काय उपयोग?

चोराइतकीच भीती आगीची. इथे आपल्या घरातली तुरटी कामाला आली. तव्यावर तुरटी टाकली की ती पाणी सोडते आणि तिची लाही होते, हे आपण सगळ्याच जाणतो. इंग्लंडच्या मिल्नरने १८४० मध्ये नेमका हाच गुण तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये भरला. आग लागली की तुरटीतलं पाणी वाफ होऊन निघतं, आणि ते आहे तोवर आतली उष्णता पाणी उकळण्याच्या आसपास राहते. तेवढ्याने कागद जळत नाही.

आपल्याकडे हे काम अर्देशीर गोदरेज यांनी केलं. ते मूळचे वकील. झांझिबारमधल्या एका खटल्यात सत्याला मुरड घालावी लागेल असं दिसल्यावर त्यांनी वकिलीच सोडली. १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं आणि १९०२ मध्ये तिजोऱ्या सुरू केल्या. खोटं बोलणार नाही म्हणणाऱ्या माणसाच्या कुलपावर लोकांनी विश्वास टाकला, यात मला नवल वाटत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला. बोटीवरच्या सोन्याच्या विटा उडून शहरात पडल्या. इतकं जपून आणलेलं सोनं क्षणात रस्त्यावर!

आपल्या पुराणात तर कुलूप उघडणारी विद्याच आहे. जंबूस्वामींच्या लग्नाच्या रात्री चोर शिरले. हेमचंद्राचार्यांनी त्या चोराचं नाव प्रभव दिलंय, दिगंबर परंपरेत तो विद्युच्चर. प्रभवाजवळ दोन विद्या होत्या, माणसं झोपवायची आणि कुलपं उघडायची. घर झोपलं, कुलपं उघडली, पण जंबूस्वामी जागेच राहिले. सकाळी घर सोडून दीक्षा घ्यायला निघालेल्या माणसाकडून चोर काय नेणार? उलट चोरच त्यांच्यामागे निघाला.

आपण संसारी माणसं, सगळं सोडून निघणारे नाही. पण परिग्रहपरिमाण व्रत हिशोबाच्या भाषेत समजून घेता येतं. घरात ठेवलेल्या प्रत्येक तोळ्यामागे एक खर्च वहीत येत नाही : दुपारी एकट्या असलेल्या सुनेच्या जिवाचा धोका. कुणी सुरी दाखवली तर आठ इंची दार तिनेच उघडायचं असतं.

म्हणून मी घरात मत दिलंय ते असं. नेहमीच्या वापरातले दोन-चार डाग आणि कागदपत्रं यांच्यापुरती, जमिनीला बोल्टने जखडलेली छोटी अग्निरोधक तिजोरी पुरे. बाकीचं बँकेच्या लॉकरमध्ये. तिथे एक किल्ली आपली, एक बँकेची, आणि रात्री दोन्ही असूनही दार उघडत नाही. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असावं, आणि कामाला येणाऱ्यांनाही. स्ट्राँगरूमची जागा वाचली, तर तिथे मुलांच्या वह्या-पुस्तकांचं कपाट छान बसेल. त्याला कुलूप लागत नाही.