रमाबाईंची आकाशवृत्ती

आकाशवृत्ती हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. कोणापुढे हात पसरायचा नाही, कोणाची चाकरी करायची नाही, देव धाडील त्यावर राहायचे, ही आपल्याकडच्या पुराणिक-कीर्तनकारांची जुनी रीत. पंडिता रमाबाईंबद्दल वाचताना मला हाच शब्द आठवत राहतो. ख्रिस्ती झालेल्या बाईला तो लावणे कोणाला खटकेलही. पण त्यांच्या घरात ही वृत्ती बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधीपासून होती.

वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे. भीक मागायची नाही आणि मोलमजुरी तर करायचीच नाही. १८७४ च्या सुमारास मद्रासकडच्या दुष्काळात या व्रताने घर खाल्ले. रानातली पाने नि खजूर खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. देवावर भरवसा टाकून बसलेल्या माणसांचे काय होते हे त्यांनी असे पाहिले होते!

पुढे १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला गेले. खर्च अमेरिकेतली एक समिती देत होती, पण बोली दहाच वर्षांची, आणि शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही या अटीवर. १८९३ साली सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती वळण पडते म्हणून गहजब झाला. रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

दहा वर्षे संपल्यावर काय? रमाबाईंनी पहिले उत्तर शोधले ते व्यवहारी होते. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा हिशेब.

पण त्याच सुमारास त्यांच्या वाचनात जॉर्ज म्यूलरचे चरित्र आले. ब्रिस्टलला या माणसाने हजारो अनाथ मुले सांभाळली. नेम असा की गरज फक्त देवाला सांगायची, माणसाला नाही. (तो दरवर्षी छापील अहवाल काढी, ही गोष्ट टीकाकार आवर्जून सांगतात.) असे हिंदुस्थानात का होऊ नये, हा विचार रमाबाईंच्या मनात घोळू लागला.

आम्हां गोंयकारांना हे जरा नवलाचे वाटते. आमच्याकडे जुन्या गोव्यात अनाथ मुलींसाठी आश्रयगृह होते ते सांता काझा द मिझेरिकोर्दियाच्या कारभाराखाली, म्हणजे मागे राजाश्रय, देणग्या, कारभारी मंडळी. नुसत्या प्रार्थनेवर संस्था चालवणे हे वेगळ्याच पंथाचे काम.

कसोटी लगेच आली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशे मुली आणायचा निश्चय केला. अमेरिकेची मदत होती ती उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी, या मुलींसाठी हमी कोणाचीच नव्हती. त्यातच पुण्यात प्लेग, म्हणून मुली केडगावच्या रानात नेल्या. बाग अजून हाताशी आली नव्हती. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० पर्यंत तेथे सुमारे दीड हजार माणसे जेवत होती.

पैसे कोठून आले? बहुतेक परदेशातून. 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचे इंग्रजी पत्रक निघे, ते वाचून लोक पाठवत. म्हणजे ऐहिक मदत नव्हतीच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. फरक माझ्या मते असा: आधी वचन घ्यायचे आणि मग मुली आणायच्या, हा क्रम त्यांनी उलटा केला. आणि वडिलांचे दुसरे व्रत साफ मोडले. केडगावात कोणी हातावर हात धरून बसत नसे. विहिरी खणल्या, गुरे पाळली, मुली शेतात राबल्या, मागावर बसल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या.

हिब्रू-ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यातले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. पुस्तक पुरे होऊन बाहेर पडले ते १९२४ साली.