बंद संगणकाचे निदान : एका दुरुस्ती-विद्येचा इतिहास

घरातला संगणक सुरूच होत नाही ही तक्रार महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या परिचयाची झाली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि तिच्या पाठोपाठ ती निवारणारा एक नवा व्यवसाय आधी मोठ्या शहरांत व नंतर तालुक्याच्या गावांतही रुजला. संगणकाच्या भारतीय इतिहासात सॉफ्टवेअर निर्यातीला जेवढे स्थान मिळाले, त्याच्या अंशभरही या व्यवसायाच्या वाट्याला आले नाही. वास्तविक बंद यंत्राचे निदान ही क्रमाने तर्क करत कारणापर्यंत पोहोचण्याची एक काटेकोर शिस्त होती. ती विद्यापीठाची पायरी न चढलेल्या हजारो तरुणांच्या हाती आली, कारण यंत्राची रचनाच उघडी, सुट्या भागांची आणि आपला बिघाड आपणच सांगणारी होती.

या रचनेचे मूळ १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने बाजारात आणलेल्या ‘पर्सनल कॉम्प्युटर’मध्ये आहे. फ्लोरिडातील बोका रॅटन येथील एका लहान गटाने तो सुमारे वर्षभरात तयार केला, आणि वेळ वाचावा म्हणून प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, असे बरेचसे घटक बाहेरून घेतले. इतकेच करून कंपनी थांबली नाही, तर यंत्राच्या सर्किटांच्या आकृत्या आणि बायोसचा संपूर्ण मजकूर असलेले तांत्रिक पुस्तकही तिने विक्रीस ठेवले. बायोस म्हणजे मदरबोर्डवरील, अर्थात मुख्य सर्किट-पाटीवरील, चिपमध्ये कायमचा साठवलेला मूळ प्रोग्राम. वीज मिळताच प्रोसेसर सर्वांत आधी त्याच्याकडे वळतो. बायोस प्रथम प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले, कीबोर्ड अशा भागांची तपासणी करतो, जिला ‘पोस्ट’ म्हणतात. ती पार पडली की तो डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा कप्पा वाचतो, आणि हार्ड डिस्क असल्यास त्या कप्प्यातील छोटा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिम शोधून तिच्या हाती कारभार सोपवतो. या साऱ्या प्रक्रियेला बूट होणे म्हणतात.

दुरुस्तीच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असल्यामुळे यंत्र कुठवर पोहोचून अडले हे कळले, की दोष कुठे नाही हेही आपोआप कळते. पंखा फिरतो का, बीप वाजते का, पडद्यावर अक्षरे उमटतात का, हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो का, या चार प्रश्नांच्या उत्तरांतच निदानाचा बराचसा भाग उरकत असे. पडदा उजळण्याआधीच काही बिघडले, तर ते कळवायला यंत्राजवळ स्पीकरखेरीज दुसरे साधन नव्हते. म्हणून बीपच्या संख्येला व लांबीला अर्थ देण्यात आला. आयबीएमच्या यंत्रात एक छोटी बीप म्हणजे सर्व ठीक, एक लांब व दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्डाचा दोष. पुढे कॉम्पॅकने आयबीएमच्या मजकुराची नक्कल न करता त्याच्याशी सुसंगत बायोस नव्याने लिहिला आणि १९८४ पासून फिनिक्स कंपनी असा बायोस कोणत्याही उत्पादकाला विकू लागली. तेव्हा तैवानमधील मदरबोर्ड उत्पादकांना मार्ग मोकळा झाला. ॲमी आणि अवॉर्ड या बायोसांच्या बीपांचे संकेत एकमेकांपासून वेगळे असल्याने कोणत्या बोर्डावर कोणता बायोस आहे हे ओळखणे हा कारागिराच्या ज्ञानाचा पहिला धडा ठरला.

भारतात या यंत्रांचा प्रसार नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केल्यावर सुरू झाला, आणि १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर त्याला वेग आला. मुंबईत त्याचे केंद्र ठरला ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि टेलिव्हिजनचे सुटे भाग विकणारी दुकाने तेथे आधीपासून असल्यामुळे नव्या मालाला गिऱ्हाईक आणि जाणते हात दोन्ही तयार मिळाले. पुण्यात हेच काम बुधवार पेठेतील तपकीर गल्ली व तिच्या आसपासच्या बाजाराने केले. नामांकित कंपनीचा संगणक महाग पडे, म्हणून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट असे भाग निवडून जोडलेला ‘असेंबल्ड’ संगणक घरोघरी गेला. जो जोडून देई तोच बिघडल्यावर बोलावला जाई, आणि ‘सीपीयू घेऊन या’ असे तो फोनवर सांगे तेव्हा त्याला अख्खे कॅबिनेट अभिप्रेत असे. २००२ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे राज्यभर निघाली, तसा हा व्यवसाय लहान गावांतही गेला.

या व्यवसायातील सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही’. अशा वेळी कारागीर आधी यंत्र कमीत कमी भागांवर आणी : हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, मोडेम, साऊंड कार्ड यांच्या वायरी व कार्डे काढून केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅमची पट्टी, डिस्प्ले आणि वीजपुरवठा एवढेच ठेवी. मग रॅमची पट्टीही काढून तो बटण दाबी. आता यंत्राने लांब बीप देऊन रॅम नसल्याची तक्रार केली, तर प्रोसेसर, बायोस आणि बोर्डाचा मोठा भाग जिवंत असल्याचे सिद्ध होई; काहीच आवाज आला नाही, तर संशय बोर्ड, प्रोसेसर किंवा वीजपुरवठ्यावर जाई. पहिल्या शक्यतेत शाळकरी मुलांचे खोडरबर उपयोगी पडे. पट्टीच्या खालच्या कडेला असलेल्या धातूच्या संपर्कपट्ट्यांवर दमट हवेने व धुळीने मळाचा सूक्ष्म थर चढतो आणि विजेचा संपर्क तुटतो. खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवून तो थर काढायचा, कण ब्रशने झटकायचे, खाच ब्लोअरने साफ करायची आणि दोन्ही टोकांच्या कड्या ‘टक’ वाजून बसेपर्यंत पट्टी दाबायची. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत व कोकणात, एवढ्याने अनेक संगणक सुरू होत.

वीजपुरवठ्याची तपासणीही अशीच थेट होती. भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे दाब तयार करणाऱ्या पेटीला एसएमपीएस म्हणतात. १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत या पेटीच्या मोठ्या जोडणीतील हिरवी वायर काळ्या वायरीशी जोडली की पेटी बोर्डाविना सुरू होते, त्यामुळे वाकवलेली साधी कागदाची क्लिप चाचणीला पुरे. त्याआधीच्या एटी रचनेत बोर्डाकडे जाणाऱ्या दोन जोडण्यांच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून याव्यात असा नियम होता, आणि तो चुकल्यास बोर्ड जळे. भारनियमनाच्या वर्षांत वीज वारंवार जाई आणि परतताना दाब कमीजास्त होई, म्हणून निकामी झालेल्या अशा पेट्या घरगुती संगणकांत मोठ्या प्रमाणावर दिसत.

जुन्या यंत्रांचे काही आजार त्यांच्या वयाचे असत, तर काही त्यांच्या काळाचे. तारीख, वेळ व सेटअप जपणारा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल काही वर्षांनी संपे. त्याहून जुन्या यंत्रांत हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे सेटअपमध्ये हाताने भरावे लागत, त्यामुळे सेल गेला की धडधाकट डिस्कही यंत्राला सापडत नसे. १९९९ ते २००७ या सुमारास बनलेल्या अनेक मदरबोर्डांवरील कपॅसिटर, म्हणजे विजेचा दाब स्थिर राखणारे नळकांड्यासारखे घटक, सदोष रसायनामुळे डोक्याशी फुगून फुटत. येथेच व्यवसायात दोन थर पडले : दोषी कार्ड बदलून देणारा आणि सोल्डरिंग आयर्नने एकेक घटक बदलणारा. दुसऱ्या कामाला बाजारात ‘चिप लेव्हल’ म्हणत, आणि ते जाणणाऱ्याचा मान मोठा असे.

व्हायरसांनीही बूट होण्याच्या साखळीवरच घाला घातला. १९८६ मध्ये लाहोरमध्ये तयार झालेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यात दडून बसे. २६ एप्रिल १९९९ रोजी सक्रिय झालेल्या ‘सीआयएच’ने तर कित्येक यंत्रांतील बायोसच पुसून टाकला, तेव्हा ती चिप काढून, तशाच चालू यंत्राच्या साहाय्याने किंवा प्रोग्रामर उपकरणावर ती पुन्हा लिहिणे एवढाच उपाय उरला. दुरुस्तीच्या अनुभवातून काय उभे राहू शकते याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरणही याच क्षेत्रातले आहे : पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील व्हायरसांवर उपाय शोधता शोधता ‘क्विक हील’ हे प्रतिबंधक सॉफ्टवेअर घडवले.

तथापि या विद्येची खरी कसोटी माहिती वाचवण्यात लागे. ‘फॉरमॅट मारणे’ हा सोपा मार्ग होता, पण त्यात प्रबंध, हिशेब आणि कौटुंबिक छायाचित्रे नाहीशी होत. म्हणून चांगला कारागीर आधी हार्ड डिस्क काढून, तिच्यावरील जंपर ‘स्लेव्ह’ स्थितीत बसवून, ती दुसऱ्या संगणकाला जोडे, फाइली उतरवून घेई आणि मगच पुढचे पाऊल टाके. यंत्रापेक्षा त्यातील मजकूर मोलाचा आहे हा विवेक या व्यवसायाने कोणत्याही लिखित नियमाविना जोपासला.

पुढे यूईएफआय या नव्या व्यवस्थेने जुन्या बायोसची जागा घेतली, लॅपटॉप घरोघरी आले आणि त्यांपैकी अनेकांत रॅम व साठवणूक बोर्डावरच कायमची जडवली गेली. भाग बदलून पाहणे हा निदानाचा पायाच असल्याने भाग सुटे राहिले नाहीत तेथे ही पद्धतही चालेनाशी झाली. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा ज्या प्रश्नाची औपचारिक चर्चा सुरू झाली, त्याचे उत्तर लॅमिंग्टन रोड आणि तपकीर गल्लीच्या इतिहासात आधीच मिळालेले आहे. आकृत्या खुल्या ठेवल्या, जोडण्या प्रमाणित ठेवल्या आणि भाग सुटे ठेवले, तर दुरुस्तीचे ज्ञान समाजात आपोआप पसरते, यंत्रांचे आयुष्य वाढते आणि कष्टकरी तरुणांना प्रतिष्ठेची उपजीविका मिळते. या तिन्ही गोष्टी उत्पादकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने जपल्या जाव्यात, असेच हा इतिहास सांगतो.