फोड, बर्फ आणि दोन गोळ्या: छोट्या दुखण्यांचा मोठा इतिहास

मागच्या रविवारी एपिसोड आला नाही म्हणून बऱ्याच जणांनी मेसेज केले. कारण सांगते. त्या दिवशी मी स्टुलावर पाय टाकून टाचेवरच्या फोडाकडे बघत बसले होते. रुपयाच्या नाण्याएवढा फोड. जोडीला डाव्या नडगीत ठणका. आणि डिसेंबरमध्ये जैसलमेरजवळच्या वाळूत १०० किलोमीटर पळायचं म्हणून मी फी भरून मोकळी झालेली. हातात फक्त सात आठवडे.

आदल्या रात्री मी टेबलावर वेदनाशामकाच्या दोन गोळ्या काढून ठेवल्या होत्या. सकाळी ३५ किलोमीटर पळायचं होतं. प्लॅन सोपा होता: गोळी घ्या, निघा. त्या गोळ्या मी का घेतल्या नाहीत, ते आजच्या भागात. पण सुरुवात करू अमेरिकेतल्या एका टेनिस कोर्टापासून.

एक फोड, १९२४

जून १९२४ची अखेर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा १६ वर्षांचा धाकटा मुलगा, त्याचंही नाव कॅल्विनच, व्हाइट हाउसच्या कोर्टवर भावाबरोबर टेनिस खेळला. बूट घातले, पण मोजे घातले नाहीत. पायाच्या बोटाला फोड आला. कोण लक्ष देतं? पण त्यातून जंतू रक्तात शिरले आणि ७ जुलैला मुलगा गेला. देशातले उत्तम डॉक्टर हजर होते, पण त्यांच्या हातात औषध नव्हतं. फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं १९२८मध्ये आणि लोकांपर्यंत पोचायला १९४०चं दशक उजाडलं.

आज आपल्याकडे अँटिबायोटिक आहेत, म्हणून आपण फोडाला हसतो. पण वाळवंटात सहा दिवस घाम, वाळू आणि तेच मोजे असतील, तर जंतूंच्या दृष्टीने परिस्थिती १९२४सारखीच असते. लाली पसरायला लागली, जागा गरम लागली, पू किंवा ताप आला, तर तो 'साधा फोड' राहिलेला नसतो.

आईने माझा फोड बघितला आणि म्हणाली, "सुई-दोरा आण, आत्ता फोडते." ती दोन वर्षांपूर्वी वारीला गेली होती, तिथे सगळे असंच करतात म्हणे. सुई टोचायची आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "दोरा म्हणजे जंतूंसाठी उघडा ठेवलेला दरवाजा." लहान फोड असेल तर फोडूच नका. फारच ताणला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचा, वरची कातडी काढू नका, झाकून ठेवा.

अडीचशे किलोमीटर, दोन ठिकाणी

१९८४ साली पॅट्रिक बाउअर नावाचा फ्रेंच तरुण पाठीवर ३५ किलोचं ओझं घेऊन अल्जेरियाच्या सहारात एकटा चालला. १२ दिवसांत ३५० किलोमीटर. त्या अनुभवातून त्याने १९८६मध्ये मोरोक्कोत 'मॅराथॉन दे साब्ल' सुरू केली. पहिल्या वर्षी २३ जण धावले. पुढे ती साधारण २५० किलोमीटरची, टप्प्याटप्प्याची शर्यत म्हणून जगभर गाजली. खाणं आणि झोपायची पिशवी स्वतःच वाहायची. आणि रोज संध्याकाळी डॉक्टरांच्या तंबूबाहेर पाय दाखवायला रांग.

२५० ऐकून आई म्हणाली, "म्हणजे आळंदी ते पंढरपूरच की!" खरंच, अंतर जवळपास तेवढंच. फरक इतकाच की वारीत जवळजवळ तीन आठवडे मिळतात, वाटेत कुणीतरी तेल लावून पाय चेपून देतं, चपला शिवून देतं. पायांची काळजी हा प्रवासाचाच भाग असतो. आम्ही पळणारे मात्र पाय दुखायला लागेपर्यंत घड्याळाकडेच बघतो.

स्वस्तातली टेप

फोड नेमका कसा येतो? आपल्याला वाटतं बूट घासला म्हणून. पण खरी गडबड आत असते. कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलागणिक मागे-पुढे सरकतं. या ओढाताणीत कातडीचे आतले थर फाटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. घामाने कातडी ओली झाली की ती जास्त चिकटते. वाळू आत गेली की आणखी वाईट.

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटाने २०१४मध्ये वाळवंटातल्या अशाच लांब शर्यतींत प्रयोग केला. १२८ धावकांच्या पायाच्या काही भागांवर कागदी टेप लावली, बाकीचा भाग तसाच ठेवला. हीच ती टेप, जी मेडिकलमध्ये बँडेज चिकटवायला मिळते. टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. मीही आता पळायच्या आधी टाचेला तीच लावते. शिवाय कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडून बुटांच्या कडेने वेल्क्रो शिवून घेतलं, त्यावर वाळू अडवणारं कापडी आवरण बसतं. काका म्हणाले, "बुटाला परकर कशाला?" उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला.

बर्फवाल्याने शब्द मागे घेतला

आता नडगी. मी लहानपणापासून ऐकलंय, मुका मार लागला की बर्फ. हा सल्ला जगभर नेला गेब मिरकिन या अमेरिकन डॉक्टरांनी. १९७८च्या पुस्तकात त्यांनी 'राइस' हे सूत्र दिलं: विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर. शाळेच्या पीटी सरांपासून ऑलिंपिकच्या कोचपर्यंत सगळ्यांनी ते पाठ केलं.

आणि २०१४मध्ये याच मिरकिननी लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत बरी व्हायला उलट उशीर होऊ शकतो. सूज म्हणजे शरीराचं दुरुस्ती पथक येतंय. बर्फाने रक्तवाहिन्या आखडल्या की ते पथक वाटेतच अडतं. वेदना कमी करायला थोडा वेळ बर्फ चालेल, पण तासन्‌तास नको. स्वतःचाच गाजलेला कोड ३६ वर्षांनी चुकीचा म्हणून दुरुस्त करणं सोपं नसतं. मी ऑफिसमध्ये तीन वर्षांपूर्वीचा कोड बदलायलाही कुरकुर करते!

२०१९मध्ये कॅनडातून 'पीस अँड लव्ह' नावाचं नवं सूत्र आलं. सुरुवातीचे काही दिवस जपा, सूज मारणाऱ्या गोळ्या टाळा, मग हळूहळू भार द्या. माझ्या फिजिओनेही तेच सांगितलं: पळणं बंद, चालणं आणि सायकल चालू. पण हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल, तर आधी तपासून घ्या. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो.

त्या दोन गोळ्या

टेबलावरच्या गोळ्या होत्या आयबुप्रोफेनच्या. २०१७मध्ये अशाच टप्प्यांच्या शर्यतींवरचा एक अभ्यास छापून आला. ८० किलोमीटरच्या टप्प्यात ८९ धावकांपैकी काहींना आयबुप्रोफेन दिलं, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. औषध घेतलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या किडनीला तात्पुरती इजा झालेली दिसली, दुसऱ्या गटात ३४ टक्के. म्हणजे एवढं पळणं मुळातच किडनीला जड जातं. शरीरात पाणी कमी पडलं की किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारी काही रसायनं काम करतात. ही गोळी नेमकी तीच रसायनं अडवते. हे वाचलं आणि गोळ्या परत डब्यात गेल्या.

आर्नल्डची तिसरी खेप

शेवटची गोष्ट अल आर्नल्डची. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत बॅडवॉटर नावाची जागा आहे, समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ मीटर खाली. तिथून ४,४०० मीटरहून उंच माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत पळत जायचं, असं त्याने ठरवलं. १९७४मध्ये शरीरातलं पाणी संपलं, थांबला. १९७५मध्ये गुडघा गेला, पुन्हा थांबला. मग त्याने तयारी बदलली, सौनाच्या उष्णतेत बसून सायकल चालवली. १९७७मध्ये तिसऱ्या खेपेला सुमारे ८० तासांत तो माथ्यावर पोचला. त्याच वाटेवर पुढे १९८७मध्ये शर्यत सुरू झाली.

त्याची १९७७ची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र १९७५चा आर्नल्ड जास्त जवळचा वाटतो: गुडघा धरून, एवढ्या तयारीनंतर, 'आज नाही' म्हणणारा.

तर मंडळी, मी आयोजकांना मेल टाकलाय. १००च्या ऐवजी ५० किलोमीटर. मेल पाठवताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. फोड वाळतोय, नडगी जिना चढताना अजून कुरकुरते. आई म्हणाली, "पन्नास काय कमी आहेत का गं?" कमी नाहीत. १००चं पुढच्या डिसेंबरात बघू.

तुमचं असं कुठलं छोटं दुखणं तुम्ही अंगावर काढताय? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू, तोपर्यंत पाय जपा!