परशुरामाचे उड्डाण

दिल्लीकर झालेल्या मराठी माणसाला जानेवारीचा उत्तरार्ध कानांनी कळतो. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाचा सराव सुरू झाला की आमच्या सरकारी वसाहतीतील खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात आणि घरात असलेली मुले गच्चीकडे धाव घेतात. जेट विमानाचा आवाज पोहोचेपर्यंत ते विमान बहुधा निघून गेलेले असते. नोकरीच्या निमित्ताने इतकी वर्षे या शहरात काढून आम्ही अशी कितीतरी विमाने जाताना पाहिली आहेत. येताना पाहिलेले विमान एकच. ते २६ जानेवारी २०२२ रोजी पाहिले, आणि त्याची हकीकत मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नोंदवावी असे फार दिवस मनात होते.

त्या वर्षी साथीच्या निर्बंधांमुळे राजपथावर मोजक्याच प्रेक्षकांना प्रवेश होता. (कर्तव्यपथ हे नाव त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पडले.) आमचे धाकटे मामा गुडघ्यांच्या उपचारासाठी सातारा जिल्ह्यातून आमच्याकडे येऊन राहिले होते. ते पायदळातील निवृत्त हवालदार. दूरदर्शनवर संचलन चालू असता ते एकाएकी उठले, आणि काठी टेकीत गच्चीचा जिना चढू लागले. आम्हांस अद्याप काहीच ऐकू आले नव्हते. वर पोहोचल्यावर दूर एक संथ, जडसर घरघर कानी पडली, आणि धुरकट आकाशातून दोन लहान डॉर्नियर विमानांच्या मधोमध एक स्थूल, बोथट नाकाचे, दोन पंख्यांचे विमान सावकाश प्रकट झाले. शेजारचा एक मुलगा म्हणाला, ‘‘एवढं हळू?’’ मामा काहीच बोलले नाहीत.

ते डाकोटा होते. अमेरिकेतील डग्लस कंपनीच्या डीसी-३ या प्रवासी विमानाने १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिले उड्डाण केले. महायुद्ध सुरू झाल्यावर त्याचेच लष्करी रूप दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झाले, आणि ब्रिटिश हवाई दलाने त्याला डाकोटा हे नाव दिले. चौदा सिलिंडरांची आणि प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिने, छत्रीसैनिक असतील तर सुमारे अठ्ठावीस माणसे, आणि कच्च्या मैदानावरही उतरण्याची तयारी, एवढेच त्याचे भांडवल. तोफ नाही, बंदूक नाही. महायुद्धातील स्पिटफायर किंवा हरिकेन यांच्या नावाभोवती जे वलय आहे ते डाकोटाच्या वाट्याला आले नाही. परंतु १९४४ साली इंफाळला जपानी सैन्याचा वेढा पडला तेव्हा आतल्या फौजेला तांदूळ, दारूगोळा आणि औषधे पोहोचविण्यात, आणि जखमींना बाहेर काढण्यात, या विमानांचा मोठा वाटा होता. आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्यांतही ती होती. लढणाऱ्याची कीर्ती होते, वाहून नेणाऱ्याची होत नाही, हा नियम सरकारी कचेरीप्रमाणे आकाशातही चालतो असे दिसते!

आपल्या देशापुरते बोलायचे तर डाकोटाचे ऋण याहून जवळचे आहे. २६ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीरच्या महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीहून डाकोटा विमाने पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरकडे निघाली. विमानतळ अद्याप आपल्या हाती आहे किंवा नाही हे निघताना निश्चित ठाऊक नव्हते. तो आपल्या हाती होता. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्याच्या बाजूस लढताना पडले, पण धावपट्टी वाचली आणि तिच्यावर पुढील कित्येक दिवस विमाने उतरत राहिली. त्यांत खासगी विमान कंपन्यांची डाकोटेही होती. त्या दिवसांत विमाने सुटत असलेला विलिंग्डन विमानतळ म्हणजे आजचा सफदरजंग. आपल्यापैकी अनेकांच्या बसचा रस्ता रोज त्याच्या कुंपणावरून जातो. नागरी विमान मंत्रालयाची इमारत तेथे उभी आहे, पण कुंपणाआडच्या धावपट्टीकडे मान वळवून पाहणारा प्रवासी आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाही.

पुढच्याच वर्षी, २४ मे १९४८ रोजी, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून याच जातीचे विमान लेहच्या वाळूवर उतरविले. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांहून उंच, आणि वाटेतील शिखरे त्याहूनही उंच. विरळ हवेत जाण्यासाठी हे विमान बांधलेलेच नव्हते.

राजपथावरून गेलेल्या त्या विमानाच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. १९४७ साली श्रीनगरला गेलेल्या एका डाकोटाचा तो क्रमांक. मूळ विमान अर्थात हे नव्हे. हे महायुद्धाच्या काळात बांधलेले, पुढे मोडीत निघालेले. ज्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते ते तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन इंग्लंडात दुरुस्त करविले आणि हवाई दलाला भेट दिले. भेट द्यावयाची इच्छा आणि ती स्वीकारली जाणे यांत काही वर्षे गेली. फायलींचा प्रवास कसा चालतो हे आम्हांस ठाऊक असल्याने आम्ही त्यावर अधिक बोलत नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ते काम मार्गी लागले. एप्रिल २०१८ मध्ये ते विमान कॉव्हेन्ट्रीहून निघाले आणि युरोप व आखाती देशांत मुक्काम करीत स्वतःच्या पंखांवर भारतात आले. त्याचे नाव ‘परशुराम’. समुद्र हटवून भूमी मिळविणाऱ्या या देवावर केरळाचा आणि आमच्या कोकणाचा सारखाच दावा असल्यामुळे, नाव ठेवणारे मल्याळी असले तरी चिपळूणकरांनी ते आपलेच मानावयास हरकत नसावी.

आता त्या दिवशीच्या त्रिकुटाच्या नावाकडे वळतो. हवाई दलाने त्याला ‘टांगाईल’ हे नाव दिले होते, आणि मामांचा जीव जिना चढून वर आला होता तो त्या नावाने.

११ डिसेंबर १९७१ रोजी, दिवस मावळण्याच्या बेतात असता, पूर्व बंगालातील टांगाईलजवळ आपल्या फौजेचे छत्रीसैनिक उतरले. सगळी मिळून पन्नासच्या घरात विमाने होती, त्यांत डाकोटा होती, पॅकेट होती आणि मोठी एएन-१२ ही होती. उतरलेले सैनिक हजाराच्या आसपास. मैमनसिंगकडून डाक्क्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट लोहाजंग नदीवरील पुंगली पुलाशी अडवावयाची, हे काम. कोणी शेतात उतरले, कोणी दूर भरकटले, काही सामान तळ्यात पडले. गावकऱ्यांनी ते काढून डोक्यावरून वाहून दिले. पूल त्याच रात्री हाती आला.

ही कामगिरी छत्रीधारी दलाच्या दुसऱ्या पलटणीकडे होती, आणि तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू करीत होते. या पलटणीच्या नावापुढे कंसात ‘मराठा’ असा शब्द असे, आणि त्या शब्दामागे मोठा इतिहास आहे. ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १९४१ साली ती आफ्रिकेत केरेनच्या डोंगरांवर लढली. पुढे इटलीत, १० जुलै १९४४ रोजी, तिच्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी सोबतचे सारे पडल्यावर एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे निकालात काढले आणि तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावला त्यांचा पुतळा आहे, तेथे घटकाभर थांबावे. पुढे ही पलटण छत्रीधारी झाली आणि १९५२ साली नव्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये दाखल झाली. पुंगलीच्या पुलाशी तिला येऊन मिळाली ती उत्तरेकडून जमालपूर जिंकून दौडत आलेली पहिली मराठा पलटण, म्हणजे आपली ‘जंगी पलटण’. शेकडो कोस दूर, परक्या नदीच्या काठी, एकाच कुळातील दोन पलटणींची ही भेट झाली. १६ डिसेंबरला डाक्क्यात प्रथम शिरली ती हीच दुसरी छत्रीधारी पलटण.

या प्रसंगाच्या एका चित्राची गोष्ट आम्हांस दीर्घकाळ सलत होती. आमच्या आजोळी देवघराच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण काचेच्या चौकटीत लावलेले होते. आकाशभर छत्र्याच छत्र्या, आणि खाली टांगाईलचे नाव. आजी निरक्षर होती. दिवा लावल्यावर ती त्यातील एका छत्रीवर बोट ठेवी आणि ‘‘ह्यो आमचा’’ म्हणे. त्या काचेवर तेवढ्याच जागी बोटाचा तेलकट ठसा पडला होता.

पुढे वाचनात आले, की टांगाईलच्या उडीचे म्हणून जे छायाचित्र जगभर छापले गेले ते टांगाईलचे नव्हतेच. लष्कराचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांच्याकडे प्रत्यक्ष उडीचे चित्र नव्हते. त्यांनी आधीच्या काळात आग्र्याला झालेल्या सरावाचे चित्र वृत्तपत्रांना दिले, आणि ते सरावाचे आहे हे सांगितले नाही. जगाला वाटले, अख्खी ब्रिगेडच उतरली! पाच हजार छत्रीसैनिक डाक्क्याच्या वेशीवर उतरल्याच्या बातम्या पसरल्या, आणि डाक्क्यातील सेनाधिकाऱ्यांचा धीर खचण्यास त्यांचाही हातभार लागला असे मानतात. युद्धात हे क्षम्य असेल. पण कागदपत्रांची सत्यता तपासण्यात आमचे आयुष्य गेलेले. आजोळी गेलो, की त्या चौकटीकडे पाहणे आम्ही टाळीत असू. आजी गेली, मामांना ही गोष्ट कोणी सांगितली नाही, आणि आपण सांगावी किंवा कसे हे आम्हांस ठरविता येईना.

त्या दिवशी गच्चीवर, परशुराम दृष्टीआड झाल्यावर, आम्ही विचारले, ‘‘मामा, टांगाईलला तुम्ही याच विमानातून उडी घेतलीत ना?’’

‘‘नाही रे. तवा पॅकेट व्हतं. डाकोटा आग्र्याला. पहिली उडी ह्याच्यातनं मारली. आवाज इसरंल का माणूस?’’

आग्र्याचे नाव त्यांच्याच तोंडून निघाल्यावर आमच्याने राहवले नाही. चित्राची सारी हकीकत आम्ही सांगून टाकली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. त्यांना राग येईल असे वाटले होते, तो आला नाही.

‘‘ठावं हाय मला,’’ ते म्हणाले. ‘‘टांगाईलला आम्ही उतरलो तवा उजेड सरत आलावता. एवढा लख्ख फोटू कोण काढनार? घरी आलो, भितीवर बघितला, तवाच वळीकलं.’’

‘‘मग आजीला सांगितलं नाही?’’

मामांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. ‘‘काय सांगायचं? आग्र्याच्या त्या सरावाला आमची पलटन व्हती. मीबी व्हतो. आईनं बोट ठेवलं ती छत्री माझी नव्हती, ह्ये कुनी सांगावं?’’

त्यानंतर आकाशात राफेल आली. मुले ओरडली, तावदाने थरथरली. मामा तोवर कठडा धरून एकेक पायरी जिना उतरू लागले होते.